लेबलवर ५००, कामाचे २४०: एका बजेट गेमिंग पीसीचं प्रकरण

पार्श्वभूमी

माझा धाकटा मावसभाऊ कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याचा पीसी सहा वर्षं जुना आणि असेंबल केलेला: इंटेलचा कोअर आय५-६५००, ८ जीबी रॅमची एकच स्टिक, एक छोटा एसएसडी आणि ६० हर्ट्झचा फुल एचडी मॉनिटर. ग्राफिक्स कार्ड नव्हतंच. इतकी वर्षं तो प्रोसेसरमधल्या इंटिग्रेटेड ग्राफिक्सवर जुने गेम सगळी सेटिंग्ज खाली आणून खेळत होता. शिकवण्या घेऊन त्याने काही पैसे साठवले आणि मला फोन केला.

"ताई, फक्त कार्ड सुचव. बाकी सगळं आहे."

त्याची अपेक्षा अवाजवी नव्हती. १०८० पिक्सेलवर, मध्यम ते उच्च सेटिंग्जवर, ६० एफपीएस, म्हणजे सेकंदाला ६० चित्रं. मॉनिटरच ६० हर्ट्झचा असल्यामुळे त्यापुढची धाव त्याला दिसणारही नव्हती. पैसे मात्र मोजके होते आणि लगेच त्यात भर पडणार नव्हती. हे प्रकरण सविस्तर लिहिण्याचं कारण म्हणजे यात एक चुकीचा निर्णय मी स्वतः दिला. तो चुकीचा का होता हे कळायला आम्हाला पाच दिवस लागले.

अडचण

मी त्याला कॅबिनेटची बाजू उघडून एसएमपीएसच्या, म्हणजे सगळ्या पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, लेबलचा फोटो पाठवायला सांगितलं. तो म्हणाला, "कशाला? पाचशे वॅट लिहिलंय की त्यावर." लिहिलेलं होतंच, अंगठ्याएवढ्या अक्षरांत. त्याखाली बारीक अक्षरांत एक तक्ता होता: ३.३ व्होल्टला २२ अँपिअर, ५ व्होल्टला २५ अँपिअर, १२ व्होल्टला २० अँपिअर.

हा तक्ता वाचता येणं फार महत्त्वाचं आहे. आजच्या पीसीत प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड हे दोन मोठे खाणारे आहेत आणि दोघेही जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टच्या रेलवरून, म्हणजे एसएमपीएसच्या १२ व्होल्ट देणाऱ्या वाटेवरून, घेतात. ३.३ आणि ५ व्होल्टवर एसएसडी, यूएसबी अशी किरकोळ मंडळी असतात. म्हणून १२ ला १२ व्होल्टच्या अँपिअरने गुणायचं. इथे १२ गुणिले २० म्हणजे २४० वॅट. ठळक अक्षरांतले ५०० वॅट तर तक्त्यातल्या तिन्ही रेलचे कमाल आकडे एकत्र करूनही भरत नव्हते, बेरीज ४३८ च्या आसपासच थांबत होती. गेमिंगसाठी हा २४० वॅटचाच एसएमपीएस होता, तोही सहा वर्षं तापून थकलेला. कार्डासाठी लागणारा ६ किंवा ८ पिनचा कनेक्टर त्याला नव्हता. कॅबिनेटबरोबर आलेल्या बऱ्याच स्वस्त एसएमपीएसची हीच कथा असते.

म्हणजे प्रश्न नुसता कार्डाचा उरला नाही. तेवढ्याच पैशांत दोन वस्तू बसवायच्या होत्या.

तोललेले पर्याय

पहिला पर्याय त्याने स्वतः शोधला होता: सेकंडहँड आरएक्स ५८०, ८ जीबी. कार्ड चांगलं आहे, मेमरीही भरपूर, पण २०१७ सालचं आणि १८५ वॅट खाणारं. त्या एसएमपीएसवर ते लावायचं म्हणजे विषयच संपला. एसएमपीएसही घ्यायचा तर पैसे संपत होते आणि हातात आठ वर्षांपूर्वीचं, कदाचित क्रिप्टो चलनाच्या मायनिंगमध्ये दिवसरात्र चाललेलं कार्ड येत होतं. हा पर्याय आम्ही लगेच सोडला.

दुसरा पर्याय म्हणजे वेगळा पॉवर कनेक्टर न लागणारं कार्ड. बोर्डावर कार्ड बसतं तो पीसीआय एक्स्प्रेसचा स्लॉट स्वतःच ७५ वॅटपर्यंत वीज देतो, त्यामुळे तेवढ्यात भागणाऱ्या कार्डाला बाहेरून वायर लागत नाही. जीटीएक्स १६५० आणि आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीचं रूप ही या गटातली ओळखीची नावं. इथे मी भावाला दोन गोष्टी बजावल्या. जीटीएक्स १६५० ची काही मॉडेल्स ६ पिनचा कनेक्टर मागतात, म्हणून ज्या मॉडेलचे पैसे देणार त्याचाच फोटो बघायचा. आणि आरटीएक्स ३०५० या एकाच नावाखाली दोन वेगळी कार्डं विकली जातात. ८ जीबीचं १३० वॅट घेतं आणि त्याला कनेक्टर लागतो, २०२४ साली आलेलं ६ जीबीचं ७० वॅटवर चालतं. दोन्ही खोक्यांवर नाव तेच.

तिसऱ्या पर्यायात आरएक्स ६४०० आणि आरएक्स ६५०० एक्सटी ही कार्डं होती. किंमत मोहात पाडणारी होती, पण दोन्ही कार्डं पीसीआय एक्स्प्रेसच्या चारच लेन, म्हणजे डेटा ये-जा करण्याच्या चारच वाटा, वापरतात. ४.० पिढीच्या बोर्डावर ते चालून जातं. भावाचा बोर्ड ३.० पिढीचा, म्हणजे प्रत्येक लेनचा वेग निम्मा. ४ जीबी मेमरी भरली की कार्डाला रॅमकडे धावावं लागतं आणि नेमकी तीच वाट अरुंद. नव्या पीसीत बरं ठरणारं कार्ड जुन्या पीसीत अडखळतं ते असं. जुना पीसी सुधारणाऱ्याने हा तपशील जरूर बघावा, कारण चाचण्या बहुधा नव्या बोर्डावर घेतलेल्या असतात.

चौथा पर्याय: सेकंडहँड जीटीएक्स १६६० सुपर आणि नवा एसएमपीएस. २०१९ चं कार्ड, ६ जीबी जीडीडीआर६ मेमरी, १२५ वॅट, एकच ८ पिनचा कनेक्टर. त्याच्या अपेक्षेला नेमकं बसणारं. आरएक्स ६६०० त्याहून सरस, १३२ वॅटमध्ये ८ जीबी मेमरी देणारं, पण ते घेतलं तर एसएमपीएस पुढच्या वर्षावर गेला असता.

पहिला निर्णय, जो चुकला

आम्ही चौथा पर्याय घेतला. नेमकं त्याच आठवड्यात त्याला कॉलेजची एक फी भरावी लागली आणि एसएमपीएसचे पैसे पंधरा दिवस पुढे गेले. कार्ड मात्र घरी येऊन पडलं होतं. विकणाऱ्याने सात दिवसांत परत घेण्याचं कबूल केलं होतं.

भावाने विचारलं, "ताई, पंधरा दिवस जुन्यावर चालवू का? दोन मोलेक्सवरून, त्या जुन्या चार पिनच्या कनेक्टरवरून, ८ पिनचा ॲडॉप्टर मिळतो."

मी कागदावर बेरीज केली. प्रोसेसर ६५ वॅट, कार्ड १२५, बोर्ड, रॅम, एसएसडी आणि पंखे मिळून ४० ते ४५. एकूण २३५ च्या आसपास, लेबल २४० म्हणतंय. बसतंय. मी हो म्हटलं, वर "हलकेच गेम खेळ" अशी पुस्तीही जोडली.

त्या बेरजेत दोन चुका होत्या. कार्डाचे १२५ वॅट ही सरासरी आहे. गेममध्ये एखादं दृश्य बदलतं तेव्हा काही मिलिसेकंदांसाठी कार्ड त्याहून बरंच जास्त ओढतं. आणि लेबलवरचे २४० वॅट हा नव्या, थंड एसएमपीएसचा आकडा, तोही निर्मात्याच्या शब्दावर. सहा वर्षांत आतले कपॅसिटर कमकुवत होतात. एका बाजूला सरासरी आणि दुसऱ्या बाजूला कमाल मांडून केलेली बेरीज जुळली तरी तिला अर्थ नसतो.

पुढे काय घडलं

पहिले दोन दिवस आनंदात गेले. तिसऱ्या दिवशी त्याने एक मोठा, अलीकडचा गेम लावला. वीस मिनिटांत स्क्रीन काळी आणि पीसी आपोआप रीस्टार्ट. निळी स्क्रीन नाही, एरर नाही. पुन्हा लावला, या वेळी आठ मिनिटांत तेच.

त्याचा पहिला संशय कार्डावर. सेकंडहँड वस्तू, मुदत संपायला चार दिवस उरलेले. "परत देऊन टाकतो," तो म्हणाला. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'कर्नल-पॉवर ४१' अशी नोंद होती आणि ती बघून कोणीतरी त्याला छातीठोकपणे सांगितलं की कार्डच गेलंय. त्या नोंदीचा अर्थ एवढाच की पीसी नीट शटडाउन न होता पुन्हा सुरू झाला. का, ते ती सांगत नाही. कार्डाचा ड्रायव्हर कोसळला असता तर 'डिस्प्ले ड्रायव्हरने प्रतिसाद देणं थांबवलं' अशा आशयाची नोंद मिळण्याची शक्यता होती. तशी एकही नव्हती.

त्याला मी एक दिवस मागितला. कार्ड परत दिलं असतं तर दुसरं कार्ड आणून आम्ही पुन्हा याच जागी आलो असतो.

कारण शोधताना

आम्ही एका वेळी एकच गोष्ट बदलायची असं ठरवलं आणि सगळं वहीत लिहीत गेलो.

फरमार्कने फक्त कार्डावर ताण दिला: पंधरा मिनिटं, काही झालं नाही. प्राइम९५ ने फक्त प्रोसेसरवर: तेही निर्धोक. दोन्ही एकत्र सुरू केले आणि मिनिटभराच्या आत पीसी रीस्टार्ट झाला. एकेकटे दोघेही धडधाकट, एकत्र आले की कोसळतात. दोघांमध्ये सामाईक काय, तर १२ व्होल्टची रेल.

मग एमएसआय आफ्टरबर्नरमध्ये कार्डाची पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर आणली. तोच गेम दोन तास चालला. एफपीएस थोडे घटले, पण एकदाही रीस्टार्ट नाही. या चाचणीला ना हत्यार लागतं ना पैसे, आणि ती फार काही सांगून जाते.

मोकळ्या मोलेक्सच्या पिवळ्या आणि काळ्या वायरवर मल्टिमीटर लावला. नुसता डेस्कटॉप असताना ११.९ व्होल्ट. दोन्ही चाचण्या एकत्र सुरू केल्यावर ११.३. पीसीच्या एसएमपीएससाठी ठरलेल्या एटीएक्स या प्रमाणानुसार १२ व्होल्टची रेल पाच टक्के खालीवर चालते, म्हणजे खालची हद्द ११.४. मल्टिमीटर तर सरासरी दाखवतो, मिलिसेकंदांच्या खड्ड्यात व्होल्टेज किती खाली गेलं असेल ते त्याला दिसतही नाही. व्होल्टेज फारच खाली गेलं की एसएमपीएस बोर्डाला दिलेला 'पॉवर गुड' हा सिग्नल मागे घेतो आणि बोर्ड त्याच क्षणी रीसेट होतो. निळ्या स्क्रीनला उगवायलाही वेळ मिळत नाही. आमची काळी स्क्रीन हीच होती.

शेवटी ॲडॉप्टर काढला. इथे मी खरंच हादरले. दोन मोलेक्स वापरले म्हणजे भार दोन ठिकाणी वाटला, असं आम्ही समजत होतो. ते दोन्ही मोलेक्स एकाच वायरवर, एकामागे एक ओवलेले होते. सगळा करंट त्याच एका बारीक पिवळ्या वायरमधून जात होता. पहिल्या मोलेक्समधली पिवळ्या वायरची पिन सैल होती आणि तिच्याभोवतीचं पांढरं प्लास्टिक तपकिरी झालं होतं, कडेला किंचित ओघळलेलं. नाकाजवळ नेल्यावर करपल्याचा वास येत होता. पीसी रीस्टार्ट होत होता तेवढ्यावरच निभावलं, असंच म्हणायचं.

हाच ॲडॉप्टर साटावरून, म्हणजे डिस्कला वीज देणाऱ्या चपट्या कनेक्टरवरून, काढलेला असता तर आणखी वाईट. साटा पॉवर कनेक्टरला १२ व्होल्टच्या तीनच बारीक पिना असतात, प्रत्येकी दीड अँपिअरच्या. म्हणजे सगळ्या मिळून ५४ वॅट. ८ पिनच्या कनेक्टरवरून कार्ड १५० वॅटपर्यंत ओढू शकतं. साटावरून ८ पिन करणारी वायर कोणी फुकट दिली तरी लावू नये.

कार्ड निर्दोष आहे याची खात्री म्हणून ते मित्राच्या पीसीत, चांगल्या एसएमपीएसवर लावून संध्याकाळभर चालवलं. काहीही झालं नाही. मुदत संपायला दोन दिवस होते. कार्ड ठेवायचं ठरलं.

दुसरा निर्णय: एसएमपीएस

पैसे हातात येईपर्यंत कार्ड काढून खोक्यात ठेवलं आणि पीसी पुन्हा इंटिग्रेटेड ग्राफिक्सवर आणला. भावाला ते जड गेलं, पण त्या वायरीची अवस्था बघितल्यावर त्याने वाद घातला नाही.

एसएमपीएस निवडताना तीन पर्याय समोर आले. अनोळखी नावाचा ७५० वॅटचा, सर्वांत स्वस्त. ओळखीच्या निर्मात्याचा ४५० वॅट ब्रॉन्झ. त्याच मालिकेतला ५५० वॅट ब्रॉन्झ, थोडा महाग.

७५० वाल्याचं लेबल भावाने स्वतः वाचलं आणि गुणाकार करून मला पाठवला: १२ व्होल्टला ३० अँपिअर, ३६० वॅट. ५५० वाल्याच्या लेबलवर १२ व्होल्टला ४५ अँपिअर होते, म्हणजे ५४० वॅट. एकूण आकडा आणि १२ व्होल्टचा आकडा जवळजवळ सारखे असणं ही आधुनिक, प्रामाणिक रचनेची खूण मी मानते. त्याशिवाय जास्त करंट, जास्त व्होल्टेज, कमी व्होल्टेज, तापमान आणि शॉर्टसर्किट यांपासूनची संरक्षणं नावानिशी दिलेली होती, पाच वर्षांची वॉरंटी होती, आणि कार्डासाठी ६+२ पिनचे दोन कनेक्टर थेट एसएमपीएसमधून निघत होते.

'८० प्लस ब्रॉन्झ' या शिक्क्याबद्दल भावाचा समज होता की तो दर्जाचा शिक्का. तो कार्यक्षमतेचा आहे: भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किती वीज पीसीपर्यंत पोचते आणि किती उष्णता होऊन जाते. व्होल्टेज किती स्थिर राहतं, संरक्षणं वेळेवर काम करतात का, यांबद्दल तो काही म्हणत नाही. शिक्का असावा, पण त्याच्या भरवशावर थांबू नये. ज्या मॉडेलला लोडवर ठेवून, उघडून तपासलेलं आहे अशी परीक्षणं वाचायला मी त्याला लावलं.

खरं सांगायचं तर ४५० वॅटचा पुरला असता. जीटीएक्स १६६० सुपरसाठी निर्मात्याची शिफारसही ४५० चीच आहे. ५५० घेण्यामागे माझा विचार पुढच्या कार्डाचा होता: पीसीतले बाकी भाग बदलत राहतात, चांगला एसएमपीएस दोन-तीन कार्डं बघतो. फरक थोडा होता म्हणून ते पटलं. फरक मोठा असता तर मी ४५० वरच थांबायला सांगितलं असतं आणि उरलेले पैसे रॅमकडे वळवले असते.

बसवताना एक प्रसंग टळला. मित्राकडे दुसऱ्या मॉड्युलर (वायरी काढता-घालता येणाऱ्या) एसएमपीएसची जादा वायर पडून होती आणि ती लांब असल्यामुळे भावाला हवी होती. कार्डाच्या बाजूचा कनेक्टर सगळीकडे सारखा असतो, पण एसएमपीएसच्या बाजूची पिनांची मांडणी निर्मात्यागणिक, कधी एकाच निर्मात्याच्या मालिकांमध्येही वेगळी असते. घट्ट बसली म्हणून चुकीची वायर लावली तर १२ व्होल्ट भलत्याच पिनवर जातात आणि कार्ड, डिस्क काहीही जळू शकतं. एसएमपीएसच्या खोक्यात आलेल्या वायरीच वापरायच्या.

परिणाम

रीस्टार्ट थांबले. दोन्ही चाचण्या एकत्र अर्धा तास चालवल्या, १२ व्होल्टची रेल १२.०५ वरून ११.९८ पर्यंत उतरली आणि तिथेच राहिली.

पण गेम अजून मख्खनासारखा चालत नव्हता. सरासरी एफपीएस ६० च्या जवळ, तरी शहरातल्या गर्दीच्या दृश्यांत झटके बसत. आफ्टरबर्नरचे आकडे स्क्रीनवर लावले तेव्हा कार्ड ६० ते ६५ टक्के कामात आणि प्रोसेसरचे चारही कोअर १०० टक्क्यांना टेकलेले दिसले. आय५-६५०० ला चार कोअर आणि चारच थ्रेड, त्यात रॅमची एकच स्टिक, म्हणजे मेमरीचा एकच चॅनेल. पुढच्या महिन्यात त्याच वेगाची दुसरी ८ जीबीची स्टिक घातली. झटके बरेच कमी झाले, पूर्ण गेले नाहीत. एफपीएस ६० ला बांधून टाकल्यावर खेळ एकसारखा वाटू लागला आणि कार्डाचा पंखाही शांत झाला. टेक्श्चर मध्यमवर ठेवावे लागतात, कारण अलीकडच्या काही गेममध्ये ६ जीबी मेमरी भरते.

यावरून एक गोष्ट मागाहून स्पष्ट झाली. आरएक्स ६६०० घेतलं असतं तर या प्रोसेसरवर ते अर्धवेळ रिकामंच बसलं असतं.

काय वेगळं करता आलं असतं

पंधरा दिवसांची ती सवलत मी द्यायला नको होती. एसएमपीएसचे पैसे नव्हते, तर कार्ड खोक्यातच ठेवायला सांगायचं आणि परतीच्या मुदतीत ते मित्राच्या पीसीवर तपासून घ्यायचं. तसं केलं असतं तर पहिल्याच दिवशी कार्ड चांगलं असल्याचं कळलं असतं आणि पुढचा सगळा संशय उभाच राहिला नसता.

खरेदीचा क्रमही उलटा हवा होता. आधी एसएमपीएस, मग कार्ड. नवा एसएमपीएस महिनाभर कार्डाशिवाय चालला तर काही बिघडत नाही. उलट क्रमात काय होतं ते वर आलंच आहे.

दुसरा पर्याय, म्हणजे कनेक्टर न लागणारं कार्ड, मी घाईने बाजूला सारला का, हा विचार मी नंतर पुष्कळ केला. एसएमपीएस बदलणं ज्याला कुठल्याही परिस्थितीत शक्य नाही, त्याच्यासाठी ७० ते ७५ वॅटचं कार्ड हाच मार्ग आहे आणि तो हलका मानू नये. भावाच्या बाबतीत तो एसएमपीएस इतका थकलेला होता की त्या कार्डावरही माझा जीव वरखाली होत राहिला असता.

रॅमचा प्रश्न मात्र सुरुवातीलाच दिसायला हवा होता. लेबलचा फोटो मागितला तेव्हाच टास्क मॅनेजरचा स्क्रीनशॉट मागितला असता, तर एकच स्टिक आहे हे समोर आलं असतं आणि ४५० चा एसएमपीएस घेऊन वाचलेले पैसे थेट तिकडे गेले असते.

जुन्या एसएमपीएसला त्याच्या एका मित्राने मागणी घातली होती, "माझ्या पीसीला कार्ड नाहीये, मला चालेल" म्हणून. भावाने तो दिला नाही. मेन वायर काढून ठेवली, वरच्या ५०० वर मार्करने काट मारून शेजारी २४० लिहिलं, आणि ई-कचरा घेणाऱ्यांकडे नेऊन दिला.